तंबूतलं ध्रुपद

मुक्ताबाईने नवऱ्याला एक अट घातली होती, आणि अट घालण्यात तिची काही चूक नव्हती हे महिपतीच्या सख्ख्या भावानेही मान्य केलं असतं. अट अशी, की ती भजनाला बसली की महिपतीने तिच्यासमोर दिसायचं नाही.

त्याला कारण होतं. महिपतीचा जन्म मोहोळकडचा, पण सगळी हयात कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात गेली, आणि तिथल्या कॉलनीच्या भजनात त्याने पहिल्या नंबरचा टाळकरी म्हणून नाव मिळवलं. नाव मिळालं ते ठीक, पण त्याबरोबर एक खोड लागली. समोर कुणीही गात असलं की याचा उजवा हात आपोआप मांडीवर पडायचा, मान हलायची आणि डोळे गाणाऱ्याला सांगायचे, चल, चल, पुढं चल. लेट झालेल्या गाडीकडे स्टेशनमास्तर बघतो तसा तो गाणाऱ्याकडे बघायचा. निवृत्त होऊन दोघं सोलापुरात नव्या पेठेमागच्या गल्लीत राहायला आली, मुक्ताबाईने गल्लीतल्या बायकांचं भजनी मंडळ उभं केलं, आणि एका गुरुवारी दत्ताच्या देवळात ऐन भजनात महिपती समोरून ओरडला, “अगं, असं न्हाय! असं!” आणि टाळ्या वाजवून दाखवल्या. त्याच्या टाळ्या पुढं पळाल्या, बायका मागं राहिल्या, आणि भजन मधल्या मध्ये बसलं.

मुक्ताबाई रागावली असती तर बरं झालं असतं. ती घरी आली, भाकरी थापल्या, वाढल्या आणि शांतपणे म्हणाली, “आजपास्नं म्या गाताना तुमी म्होरं दिसायचं न्हाय.”

“अगं, मी काय वाईट सांगत हुतो का?”

“चांगलंच सांगत हुता. पर दिसायचं न्हाय.”

तेव्हापासून दर गुरुवारी महिपती देवळासमोरच्या पानाच्या दुकानाशी उभा राहायचा. आवाज भिंतीआडून यायचा, निम्मा कळायचा, निम्मा सायकलींच्या घंट्यांत जायचा. बायकोचं गाणं त्याला फार आवडायचं. हे त्याने कधी तिला सांगितलं नव्हतं, कारण चुका काढणं म्हणजेच कौतुक अशी त्याची कॉलनीतली शिकवण. पण पुन्हा समोर बसून ऐकायला मिळावं म्हणून त्याचा जीव तुटत होता, आणि विचारायची छाती होत नव्हती.

अशात अठ्ठ्याहत्तर सालची संक्रांत आली. सिद्धेश्वराची जत्रा, सोलापूरकरांचा गड्डा, भरली. त्या वर्षी गड्ड्यातल्या प्रदर्शनात बायकांच्या भजनाची स्पर्धा ठेवली होती, आणि नव्या पेठेतल्या एका कापडवाल्याने पहिलं बक्षीस लावलं होतं, नवी कोरी बाजाची पेटी. मुक्ताबाईच्या मंडळाची पेटी म्हणजे गुरम्माने अक्कलकोटहून, माहेराहून आणलेली. तिच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या. गुरम्मा त्या पट्ट्या चुकवत अशी वाजवायची, जशी बाई चिखलाच्या वाटेवरून लुगडं सावरत जाते. नवी पेटी मिळाली तर मंडळाचं नशीब उघडणार होतं.

प्रत्येक मंडळाला घरच्या माणसासाठी पुढच्या रांगेचा एक पास मिळाला. मुक्ताबाईने तो महिपतीच्या हातावर ठेवला. “कुणाला तरी देऊन टाका. तुमी मातूर मांडवात पाय ठेवायचा न्हाय. तुमची मान हललेली दिसली की माजा सूर गेलाच म्हणून समजा.”

“मग मी कुटं जाऊ?”

“गड्डा काय ल्हान हाय व्हय? पाळण्यात बसा.”

पाळण्यात बसायचं महिपतीचं वय नव्हतं. पण पासाची वाट त्याने फार चांगली लावली, निदान त्याला तसं वाटलं. भेंडबत्ताशाच्या दुकानापाशी त्याला मोहोळचे ज्ञानबा भेटले. पांढऱ्या मिशांचे, पटका बांधलेले, गावात ज्यांच्यापुढं कुणी मोठ्याने बोलत नाही असे ज्ञानबा. त्यांची सून सारजाबाई मुक्ताबाईच्या मंडळात होती. थोर माणूस, नात्यातला माणूस, आणि सुनेचं कौतुक बघायचा योग. महिपतीने वाकून पास पुढं केला. “पावनं, तुमी बसा म्होरं. आमचं काय, आमी हायच की.” म्हातारा खूश झाला, आणि स्वतःच्या मोठेपणावर महिपती त्याहून खूश झाला.

स्वतः तो मांडवाशेजारच्या तंबूत शिरला. सोलापुरात तेव्हा टीव्ही दिसत नव्हता. पुण्या-मुंबईला जाऊन आलेले लोक त्याच्या गोष्टी सांगायचे आणि बाकीचे त्यातल्या निम्म्या खऱ्या धरायचे. मांडवात माणूस मावणार नाही हे ओळखून पुण्याच्या एका टीव्ही विकणाऱ्याने डोकं लढवलं होतं. मांडवात एक कॅमेरा, मधून जाड काळी वायर, आणि अलीकडं तंबूत टेबलावर दोन टीव्ही. तिकडं जे चाललंय ते त्याच घटकेला इकडं दिसायचं. मांडव आणि तंबू यांच्यात आडोसा म्हणाल तर एका कनातीचा. मुक्ताबाईला आपण दिसणार नाही आणि ती आपल्याला दिसेल. महिपतीला वाटलं, हे यंत्र आपल्यासाठीच काढलंय.

शेजारी सांगोल्याकडचा सिद्धनाथ धनगर बसला होता. गड्ड्यात घोंगडी विकायला आलेला, खांद्यावर त्यातलंच एक घोंगडं, आणि आवाज असा की दोन माळांपलीकडची मेंढरं परत यावीत.

पडद्यावर पहिल्यांदा दिसली निवेदन करणारी बाई. ती हसत होती, आणि हसणं काही आवरत नव्हती.

“बाईनं दात आज नवीनच आणल्यात वाटतं,” महिपती म्हणाला. “दाखवून झाल्याबिगर घरी न्यायचं न्हाईत.”

सिद्धनाथ हसला, आणि सिद्धनाथ हसला म्हणजे तंबू हलला. महिपतीला आधीच बोलायची हौस, त्यात असा श्रोता मिळाला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

प्रमुख पाहुणे बोलायला उठले. संगीताने सुरुवात केली आणि ऊस, पाणी, सहकार असं करत पुढं निघाले. महिपती म्हणाला, “ह्यास्नी गार्डानं हिरवा झेंडा दाखवलाय, आता ब्रेक लागायचं न्हाईत. आमच्या वर्कशापात आणा, दोन दिसात नीट करून देतो.” तेवढ्यात चित्र खालून वर सरकायला लागलं. पाहुण्यांचं डोकं खाली आणि पाय वर. कंपनीचा माणूस धावत आला आणि टीव्हीच्या डोक्यावर त्याने दोन चापट्या मारल्या. “बघा! औषध सगळीकडं एकच!” महिपती ओरडला.

तीन परीक्षक होते. त्यातल्या डावीकडच्यांनी डोळे मिटले होते. बाकीच्यांना ती समाधी वाटली. महिपतीने सांगितलं की गाडी सिग्नलला उभी आहे. कॅमेरेवाला कधी परीक्षकांचा कान दाखवायचा, कधी छताचा पंखा, आणि दर थोड्या वेळाने टेबलावरची हार घातलेली पेटी. “अहो, तिलाच द्या की पयलं बक्षीस,” महिपती म्हणाला. “सगळ्यात गप ती एकलीच बसलीय.”

आता सगळा तंबू पडद्याकडे कमी आणि महिपतीच्या तोंडाकडे जास्त बघू लागला. गिरणीच्या चाळीतल्या बायकांचं मंडळ आलं. सगळ्यांची लुगडी सारखी. “एकाच ताग्यातनं फाडल्यात. घरी जाताना एकमेकीच्या नवऱ्यानं चुकून दुसरी न्हेली म्हंजे झालं!” बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. खरं म्हणजे त्या मंडळाने उत्तम गायलं, आणि महिपतीला ते कळलंही. पण आता लोक हसायला बसले होते, आणि त्यांना उपाशी कसं ठेवायचं? हसण्याचा लोंढा कनातीपलीकडं गेला. पडद्यावर एकदोन परीक्षकांनी मान वळवून पाहिलं. त्या चाळीच्या बायका मात्र हलल्या नाहीत. रोज मागांच्या खडखडाटात गाणाऱ्यांना तंबूभर हसणं म्हणजे काय?

मग नाव पुकारलं गेलं, आणि पडद्यावर मुक्ताबाई येऊन बसली.

महिपतीचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. सकाळी चहात साखर कमी का म्हणून त्याने विचारल्यावर याच बाईने “डब्याला इचारा” असं उत्तर दिलं होतं. ती इथं दिव्यांच्या उजेडात, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर वीणा, अशी काही बसली होती की त्याला वाटलं, ही आपल्या घरात राहते? तिच्या डाव्या हाताला गुरम्मा, तीन मुक्या पट्ट्यांची पेटी घेऊन. उजव्या हाताला टाळ घेऊन सारजाबाई, मागं बाकीच्या. सारजाबाईने खास पोपटी लुगडं घेतलं होतं. पडद्यावर ते राखेच्या रंगाचं दिसत होतं. यावर बोलण्यासारखं होतं, पण महिपती बोलला नाही.

“दिवा लागला तळ्यामधी, सिद्धरामा, दिवा लागला,” मुक्ताबाईने उचललं. गुरम्माच्या आजीकडून आलेलं जुनं भजन. सूर स्वच्छ लागला. भिंतीआडून ऐकलेला आवाज महिपतीला आज समोरून ऐकू आला.

भजनात एकटी बाई गाऊन चालत नाही. पुढं बसलेली बाई ओळ म्हणते आणि थांबते. मग मागच्यांनी ध्रुपद, म्हणजे भजनाची पहिली ओळ, उचलून धरायचं, तेवढ्यात तिने श्वास घ्यायचा. या मंडळात ते उचलायची सारजाबाई, आणि बाकीच्या तिच्या मागून जायच्या. मुक्ताबाई थांबली. आणि कुणी उचललंच नाही.

पडद्यावर सारजाबाई दिसली. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, मान खाली, टाळ मांडीवर, तोंड घट्ट मिटलेलं. मागच्या बायका एकमेकींकडे बघताहेत. गुरम्माची पेटी एकटीच कण्हते आहे. मुक्ताबाईने पुन्हा ओळ म्हटली, पुन्हा थांबली. पुन्हा तेच.

“आँ?” महिपती म्हणाला. “हिला काय झालं?”

कॅमेरेवाल्यालाही बहुधा तोच प्रश्न पडला, कारण सारजाबाई पदराआडून चोरून बघत होती त्या दिशेला त्याने कॅमेरा फिरवला. पडद्यावर पुढची रांग आली. आणि बरोबर मध्ये, काठीवर दोन्ही हात ठेवून, पांढऱ्या मिशांचे ज्ञानबा.

मोहोळच्या घरात सारजाबाई सासऱ्यापुढं कधी उंच आवाजात बोलली नव्हती. भाकरी वाढतानासुद्धा ती दाराआडून वाढायची. सोलापुरात आल्यावर तिचा गळा मोकळा झाला, कारण सासरा मोहोळला होता. आणि आज त्या सासऱ्याला वाकून, पास देऊन, ऐन सुनेच्या तोंडासमोर नेऊन बसवलं कोणी? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सिद्धनाथने त्याला कोपराने ढोसलं. “बोला की पावनं! ह्येंच्यावर कायतरी बोला!”

सगळा तंबू त्याच्याकडे बघत होता. महिपतीचे डोळे पडद्यावरच्या ज्ञानबांवरून हलेनात. तेव्हा सिद्धनाथने स्वतःच हात घातला. “इंजान आलंय सोलापुरात, अन् डबं ऱ्हायल्यात कुर्डुवाडीला!”

हशाचा स्फोट झाला. विनोद उत्तम होता, महिपतीच्याच ठेवणीतला, तेवढ्या वेळात धनगर शिकलेला. पडद्यावर मुक्ताबाईने मान वर करून आवाजाच्या दिशेने पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात तो चेहरा महिपतीने दोनतीनदाच पाहिला होता.

“गप बसा!” तो उठून उभा राहिला. “ती माजी मालकीण हाय!”

सिद्धनाथच्या तोंडावरचं हसू ओघळलं. “आगं बया,” तो पुटपुटला. “आधी न्हाय का सांगायचं?”

पडद्यावर मुक्ताबाईने डोळे मिटले आणि तिसऱ्यांदा ओळ उचलली. आता थांबली की संपलं. पेटी गेली, आणि पेटीचं काही नाही, पण हिचं तोंड भर मांडवात असं पडलं तर हिने पुन्हा वीणा हातात धरायची कशी? अट, मांडव, दिसायचं नाही, सगळं महिपती विसरला. त्याचा हात मांडीकडे गेला होता, तो त्याने मागं घेतला. आज पुढं पळून भागणार नव्हतं. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. ओळ पुरी झाली, ती थांबली, आणि मगच, तिच्या लयीत, तिच्या सुरात, भसाड्या आवाजात त्याने ध्रुपद उचललं, “दिवा लागला तळ्यामधी, सिद्धरामा, दिवा लागला!”

एक ओळ त्याने एकट्याने म्हटली. दुसरीला शेजारून सिद्धनाथ उठला. धनगराच्या जातीला ओवीची झील धरायची सवय बाळपणापासून. तो आवाज कनातीला धडकला तशी कनात फुगली असेल. मग मागून कुणी, पुढून कुणी, आणि बघता बघता हसायला बसलेला सगळा तंबू गायला लागला.

पडद्यावर मुक्ताबाईचे डोळे उघडले. त्या गर्दीतून एक भसाडा आवाज तिला ओळखू आला, हे तिच्या कपाळावरच्या आठीवरून महिपतीला कळलं. आठी आली, आणि गेली. तिने पुढचा चरण घेतला, असा मोकळा की गुरम्मानेही मुक्या पट्ट्यांची पर्वा सोडली. कॅमेरेवाल्याने त्या दिवसात पहिल्यांदाच शहाणपणा केला आणि चरण संपेपर्यंत कॅमेरा तिच्यावरून हलवला नाही. मग पुढच्या रांगेत काय झालं ते त्याने दाखवलं. ज्ञानबांनी काठी मांडीवर आडवी घातली, दोन्ही हात वर केले, आणि टाळ्या वाजवत तेही ध्रुपद म्हणू लागले. सासराच गायला लागल्यावर सुनेने तोंड मिटून बसायचं कारण उरलं नाही. सारजाबाईचा पदर वर सरकला, टाळ उठले, आणि नंतर तंबूची गरज राहिली नाही. तरी तंबू थांबला नाही ही गोष्ट वेगळी.

निकाल लागला. पेटी गिरणीच्या चाळीला मिळाली, आणि मिळायलाच हवी होती. मुक्ताबाईच्या मंडळाबद्दल परीक्षकांनी, म्हणजे मघाशी सिग्नलला उभे होते त्यांनीच, सांगितलं की गायन भावपूर्ण झालं, पण महिलांच्या स्पर्धेत बाहेरून पुरुषांची साथ आल्याने नाइलाज आहे. सबब उत्तेजनार्थ, एक नारळ आणि दुकानाचं नाव छापलेली कापडी पिशवी. तंबूने आरडाओरडा केला. सिद्धनाथ तर घोंगडं सावरून परीक्षकांना भेटायला निघाला होता, त्याला चौघांनी बसवलं. “पावनं, तुमी तर कायतरी बोला,” तो म्हणाला. महिपती तोवर तंबूबाहेर पडला होता.

तो मांडवाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. साहेबाने बोलावल्यावर वर्कशॉपात उभा राहायचा तसा. आधी ज्ञानबा बाहेर आले, मागं दोन पावलांवर सारजाबाई. म्हातारा तिच्याकडे न बघता म्हणाला, “घरी बी म्हणत जा की, पोरी. आमास्नी काय कान न्हाईत?” आणि पुढं चालू लागला. सारजाबाईने पदरात तोंड लपवलं, पण ती हसत होती.

मग नारळ आणि पिशवी घेऊन मुक्ताबाई आली. काही न बोलता चालू लागली. महिपतीने पिशवी तिच्या हातातून घेतली. तळ्याकाठाने, गर्दीतून, पाळण्यांच्या गलक्यातून दोघं निघाली. नव्या पेठेत दुकानांच्या फळ्या लागत होत्या. तिथं महिपतीलाच राहवेना.

“पास मीच दिला त्यास्नी. अन् वरडलो बी मीच. पेटी माज्यापायी गेली.”

“गेली तर गेली. गुरम्माला त्या तीन पट्ट्या चुकवायची सवं झालीय, नव्या पेटीवर ती घोटाळली असती.” ती चार पावलं चालली. “तंबूत बसून लोकांस्नी हसवत हुता व्हय?”

“व्हय.”

“वाटलंच मला. आन् मग ध्रुपद?”

“राहवलं न्हाय.”

मुक्ताबाई थांबली. एका बंद दुकानाच्या पायरीपाशी, दिव्याखाली. “तुमास्नी एक सांगू? लगीन झाल्यापास्नं तुमी माज्या म्होरं पळताय. चालताना म्होरं, जेवताना म्होरं, भजनात तर इचारूच नगा. आज पयल्यांदा तुमी माजी ओळ पुरी हुस्तोर थांबला. मागनं आला.” तिने नारळ पदराखाली घेतला. “लई बरं वाटलं.”

महिपतीने हातातल्या पिशवीचे बंद उगाच सारखे केले. बोलला असता तर रडला असता.

“येत्या गुरवारी देवळात येऊन म्होरं बसा,” ती म्हणाली आणि चालू लागली. “पर हात मांडीखाली घालून.”

गुरुवारी दत्ताच्या देवळात पुढच्या सतरंजीवर महिपती बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून. हाताला मुंग्या आल्या होत्या. मुक्ताबाईने ओळ म्हटली, त्याच्याकडे बघितलं आणि थांबली. महिपतीही थांबला, आणि सारजाबाईने उचलल्यावर मगच तिच्या मागून ध्रुपद म्हणू लागला.